त्याच्याकडची किल्ली

किल्ली पहिला वेढा सरळ घ्यायची. दुसऱ्या वेढ्यात, साधारण दोन तृतीयांशावर, अडायची. मग ती तिळाएवढी मागे घ्यायची, खांद्याने दार जरा आत दाबायचं आणि पुन्हा फिरवायची. पूर्वी हे एकदा करून भागायचं. गेल्या वर्षी तीनदा करावं लागे, ह्या महिन्यात पाच-सहादा. बीजवालीने हे कुठे लिहून ठेवलं नव्हतं, पण असे आकडे तिच्या लक्षात राहायचे.

कुलूप बदलायचा विषय घरात निघत नसे. त्याची एक किल्ली नवऱ्याच्या खिशात होती, आणि नवरा नऊ वर्षांपूर्वी एका सकाळी, "चष्म्याची काडी बसवून आणतो, आलोच," म्हणून गेला तो आलाच नव्हता. चष्मेवाला म्हणाला, ते दुकानात पोचलेच नाहीत. पोलिसांनी शोधलं, नातेवाइकांनी शोधलं, मग शोधणारे एकेक करून आपापल्या कामाला लागले. सासू म्हणाली, "आला आणि घरात कोणी नसलं, तर दारात ताटकळायला नको." म्हणून कुलूप तेच राहिलं.

सात वर्षं झाल्यावर वकीलबाईंनी एक अर्ज तयार करून दिला. नवऱ्याला कोर्टाने मृत धरावं, असा. त्यावर फक्त तिची सही हवी होती. तो अर्ज दोन वर्षं कपाटात चादरींखाली पडून होता.

बीजवाली हे नाव तिने लग्नं जुळवणाऱ्या वेबसाइटवर घेतलेलं. ती बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. ओल्या कागदावर बिया मांडायच्या, ठरलेल्या दिवशी किती रुजल्या ते मोजायचं, आणि न रुजलेली प्रत्येक बी चिमट्याने दाबून पाहायची. टणक लागली तर ती नुसती झोपलेली. मऊ पडून फुटली तर मेलेली. रोज पन्नासेक बियांपुढे ती 'मृत' लिहायची, आणि तिचा हात कधी अडायचा नाही.

वेबसाइटवर बायकांसाठी तीनच रकाने होते: अविवाहित, घटस्फोटित, विधवा. हातातला चहा गार होईपर्यंत ती त्यांच्याकडे बघत बसली. मग तिसऱ्यावर खूण केली.

चार महिने ती ज्याला लिहीत होती तो जमिनी मोजायचा. त्याचं तिथलं नाव मोजणीदार. त्याने फोटो लावला नव्हता, तिनेही नाही. बांधावरून भांडणाऱ्या सख्ख्या भावांच्या गोष्टी तो अशा लिहायचा, की ती प्रयोगशाळेत एकटीच हसायची. भेटायचं ठरलं तेव्हा त्याने लिहिलं, 'फुलं सगळेच आणतात. मी टेबलावर मोजायची फीत ठेवीन, तिच्यावरून ओळखा.'

रविवारी दुपारी ती निघाली.

"कुठे?" सासूने विचारलं.

"बियांची शेवटची मोजणी आहे, आई."

"रविवारी?"

"बियांना रविवार कळत नाही."

"तुलाही कळत नाही. इतकी वर्षं बिया मोजतेस, दारात एक रोप नाही." सासूने तिच्या कानांकडे पाहिलं. तिथे मोत्यांच्या कुड्या होत्या. "जा. उशीर होईल."

वाचनालयासमोरच्या कॉफीच्या दुकानात, खिडकीजवळच्या टेबलावर, चामड्याच्या गोल डबीत ती फीत होती. टेबलामागून पन्नाशीचा, उन्हाने रापलेला माणूस उठून उभा राहिला.

"बीजवाली?"

"हो. फीत किती मीटरची?"

"तीस. एवढी लागणार नाही म्हणून टेबल लहान निवडलं."

ती हसली. पहिला अर्धा तास बरा गेला, बराच बरा. त्याने तिला बियांविषयी विचारलं आणि उत्तर पुरतं ऐकून घेतलं, हे तिने टिपलं. मग तो आपल्या बायकोविषयी बोलला. चार वर्षांपूर्वी ती आजारपणात गेली होती.

"आणि तुमचे मिस्टर?" त्याने विचारलं. "त्यांना काय झालं होतं?"

घरून निघताना तिने उत्तर तयार केलं होतं. हृदयविकार, अचानक. ते तोंडाशी आलं आणि तिथेच राहिलं.

"ठाऊक नाही," ती म्हणाली. "ते चष्मा दुरुस्त करायला गेले."

तिने सगळं सांगितलं. कुलूपसुद्धा, अर्जसुद्धा. तिचं संपल्यावर त्याने कपाची कड बोटाने पुसली.

"ही माझ्या हातात गेली," तो म्हणाला. "मला तारीख ठाऊक आहे, वेळ ठाऊक आहे. ह्याहून वाईट काही नसतं असं मला वाटायचं."

"मी खोटं लिहिलं. चुकलं माझं."

"त्याचं मला वाईट वाटत नाही. तिथे चौथा रकाना नव्हता, मीही पाहिलंय. कसं सांगू? मोजणीला शेजारचा मालक हजर लागतो. त्याला नोटीस द्यायची, तो आला की फीत उघडायची. तुमच्या मिस्टरांना मी नोटीस कुठे देऊ?"

तो खरं बोलत होता.

"तुमच्याकडे दिवसाला पन्नास निकाल होतात," तो हळूच म्हणाला. "मला एकच हवा होता."

त्याने डबी खिशात ठेवली, पण लगेच उठला नाही. कॉफी संपेपर्यंत दोघं खिडकीतून रस्ता बघत बसले. मग त्याने निरोप घेतला. पुन्हा भेटू, असं दोघांपैकी कोणीच म्हणालं नाही.

ऊन कलायच्या आत ती घरी पोचली. किल्ली पहिला वेढा सरळ गेली, दुसऱ्यात अडली. मागे, खांदा, पुढे. सहादा झालं, आठदा झालं.

"जरा मागे घे," आतून सासू म्हणाली.

"घेतली, आई."

"थांब, मी आतून बघते." आतल्या बाजूने किल्ली खडखडली आणि तीही अडली. "मेलं आज हट्टालाच पेटलंय."

दोघी दाराच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या.

"बिया मोजून झाल्या?" सासूने विचारलं.

"मी प्रयोगशाळेत नव्हते."

"ठाऊक आहे. तुझा पांढरा कोट खुंटीला लटकतोय सकाळपासून." मग जरा वेळाने, "कसा आहे?"

"चांगला आहे. आता नाही येणार तो."

"का?"

तिने किल्लीवरचा हात काढला. आत सासूने दाराला पाठ टेकल्याचा आवाज झाला.

"चादरींखालचा कागद मी केव्हाच पाहिलाय," सासू म्हणाली. "घरातल्या चादरी कोण बदलतं?"

"मग बोलला का नाहीत?"

"मी त्याची आई. माझ्या तोंडून कसं निघेल? तू बोलशील म्हणून थांबले."

"मी तुम्ही बोलाल म्हणून."

आतून पदराने नाक पुसल्यासारखं काहीतरी ऐकू आलं.

"फिरव आणखी एकदा," सासू म्हणाली. "लागेल."

अकरा वेळा झालं होतं. बीजवालीने किल्ली बाहेर काढली, तळहातावर धरली आणि कपाळ दाराला टेकवलं.

"नको, आई. किल्लीवाल्याला बोलावते, नवं कुलूप बसवू. आणि उद्या त्या अर्जावर मी सही करणार आहे."