‘तिसरी खूण’चा चौथा भाग

दादाचं तोंड हेच त्याचं दुकान होतं. घाऊक भाजीबाजारात तीस वर्षं तो लिलाव पुकारत आला. एका दमात चौदा बोल्या. कोणी मनातल्या मनात आकडा धरला तरी तो याला ऐकू जातो, अशी ख्याती. अर्धांगाचा झटका आल्यापासून सात आठवडे त्या दुकानाचं शटर खाली होतं. समजत सगळं होतं, घास गिळता येत होता, डावा हात हलत होता. शब्द तेवढा येत नव्हता, आणि तो आणायची इच्छाही दिसत नव्हती. बोलण्याचा व्यायाम घेणाऱ्या बाई आल्या की तो भिंतीकडे वळायचा.

"थोडंफार यायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "पण त्यांनी तोंडच उघडायचं नाही ठरवलं, तर मी काय भिंतीला शिकवू?"

वहिनी कारखान्यात पाळीवर जायची आणि घरी येऊन दुसरी पाळी करायची. तिने गावाबाहेरच्या रुग्णगृहात खाट ठरवली. सोमवारी गाडी येणार होती. त्या रुग्णगृहातून चालत परत आलेला माणूस कोणी पाहिला नव्हता.

"वहिनी, थोडं थांब ना," छोटी म्हणाली. छोटी चोपन्न वर्षांची होती, पण थोरला भाऊ असला की धाकटेपण काही सुटत नाही.

"वन्सं, तुम्ही रविवारच्या बहीण. उरलेले सहा दिवस कोणाचे, ते सांगा." मग वहिनीचाच आवाज खाली आला. "एक शब्द काढू दे ह्यांना. हुंकार नाही, कण्हणं नाही. शब्द. गाडी दारातून परत पाठवते."

छोटी शाळेच्या ग्रंथालयात कामाला होती. न परतलेलं पुस्तक वाचकाच्या उशीखालून काढायची तिला सवय. तिने दादाच्या आयुष्याची अशीच झडती घेतली आणि एक गोष्ट हाती लागली: ‘तिसरी खूण’. लहानपणी दर शुक्रवारी संध्याकाळी लागणारी गुन्ह्यांची मालिका. नऊ भाग झाले आणि बंद पडली. खुनी कोण, ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्यातले पोलीस साहेब! संशयिताला उंबऱ्यावर गाठून म्हणायचे, "दारात उभं राहून खोटं बोलवत नाही, आत या." दादा महिनोन् महिने साहेबांसारखा चालत होता. ती मालिका पुन्हा पाहिली तर हा माणूस भिंत सोडेल, असं छोटीच्या मनाने घेतलं. बुडत्याला काडी दिसली की तो तिची जाडी मोजत बसत नाही.

दूरदर्शनच्या कचेरीत तिला तीन टेबलांवर तीन वेळा सांगण्यात आलं, की त्या काळी टेप कमी पडायच्या, तेव्हा बंद पडलेल्या मालिकांवर नवे कार्यक्रम भरत. साहेबांवर बहुधा कोबीवरच्या किडीची माहिती भरली गेली होती. चौथ्या टेबलावरच्या म्हाताऱ्याला तिची दया आली. त्याने एक पत्ता दिला. "आमचा दिवेवाला. चौथ्या भागात प्रेत झाला होता. त्याच्याकडे असेल."

दिवेवाला ऐंशीचा होता आणि प्रेत झाल्याचा अभिमान अजून ओला होता. ठरलेला नट आला नाही म्हणून याला आडवं केलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडावर उजेड टाकला, एकदाच आपल्या तोंडावर पडला. तो भाग त्याने जिवासारखा जपला होता. मुलीने अलीकडे पेनड्राइव्हवर घेऊन दिला होता.

"नेऊ देईन. पण आधी माझा प्रवेश बघायचा."

बघितला. पंखा फिरत होता, खाली दिवेवाला पडला होता, साहेब मुकाट्याने उभे होते. कोणी काही बोलत नव्हतं.

"श्वास दिसला का कुठे?" दिवेवाल्याने विचारलं.

"शपथेवर सांगते, नाही," छोटी म्हणाली आणि पेनड्राइव्ह मुठीत धरून जवळजवळ पळत निघाली.

रविवारी दुपारी तिने दादाच्या खाटेसमोर संगणक मांडला. आतल्या खोलीत वहिनी त्याच्या सदऱ्यांवर नावाच्या पट्ट्या शिवत होती. रुग्णगृहाचा तसा नियम होता. चित्र सुरू झालं. दादाने मान वळवली.

साहेब बोलले. आवाज बारीक, नाकातला. "बदलीचे कागद आले का?" मग चहा सांगितला. मग जमिनीच्या फायलीवर बराच वेळ चर्चा. छोटी साहेब दारात कोणाला गाठतात याची वाट पाहत राहिली. गाठलं एकाला, त्याला म्हणाले, "उद्या कचेरीत या."

दादाची मान भिंतीकडे फिरली.

 हे साहेब नव्हेत, हा आवाज नव्हे. आणि मग छोटीला उमगलं. घरी टीव्ही कधी नव्हताच. कोपऱ्यावरच्या टीव्हीच्या दुकानाची काच, त्या काचेला लावलेली दोन नाकं. दुकानदार दार लावून घ्यायचा, बाहेर आवाजाचा कणही येत नसे. साहेब, चोर, विधवा, कुत्रा, सगळ्यांचं बोलणं दादा बोलायचा. प्रेतसुद्धा बोलायचं. चाळीस वर्षं ती ज्या मालिकेसाठी झुरली, ती पडद्यावर झालीच नव्हती.

तिने आवाज बंद केला.

"दादा, तू बोल. हे सगळं तुझंच होतं रे. बोल ना."

मुके साहेब तोंड हलवत होते. दादाने डोळे मिटले. आत वहिनीने दाताने दोरा तोडला.

"दादा, उद्या गाडी येतेय!"

काही नाही. तेव्हा छोटी स्वतःच बोलू लागली. तिला सोंग कधी जमलं नव्हतं. साहेब मुख्याध्यापकांसारखे बोलले, विधवा तिच्यासारखीच. घसा चिरकला, रडू मध्येच घुसलं, तरी ती थांबेना. दिवेवाला जमिनीवर पडला, तशी ती त्याच्याही वतीने बोलली: "साहेब, मला माझ्या भावाने मारलं, कारण तो माझ्याशी बोलत नव्हता..."

खाट करकरली. दादा वळला होता. पुकारणाऱ्याच्या कानाला एवढं बेसूर सोसवलं नसावं. चेहरा लाल, डावा हात वर, ओठ एका बाजूला ओढलेले. घशातून काहीतरी फरफटत आलं.

"ग... ग... गप."

वहिनी सदरा हातात घेऊन दारात उभी होती. "काय म्हणाले?"

"गप म्हणाला."

"कोणाला, तुम्हाला?"

"मला किंवा प्रेताला. शब्द आहे, वहिनी. हुंकार नाही."

 दादा धापा टाकत होता. दुसरा शब्द येत नव्हता, आणि या वेळी ते त्याला सलतही होतं. वहिनी खाटेच्या कडेला टेकली. सुई अजून सदऱ्यात लोंबत होती.

"उद्याची गाडी नको म्हणून सांगते," ती म्हणाली. "बोलले होते ना मी. पण वन्सं, एका शब्दावर सोमवार निघतो. मंगळवारचं काय करू?"

 छोटीने चित्र मागे नेऊन प्रेत पडण्याच्या आधी आणून थांबवलं.

"या वेळी मी बोलणार नाही," ती दादाला म्हणाली.