महालाची मागची बाजू

अरे ऐका ना, मध्ये बोलू नका, नाहीतर माझी लिंक तुटते. आमची ती मंडप डेकोरेटरवाल्यांची टूर, बसमध्ये अख्खं जळगाव-धुळं, आणि व्हिएन्नात उतरलो तर समोर शोनब्रुन. राजाचा महाल. पिवळा, लांबच लांब. सगळे एकदम ओरडले, "अरे, हे तर छगनभाऊंचं गेट!"

खरंच की! छगनभाऊ म्हणजे माझे आबा. ते आणि प्रेमराजकाका, पारोळ्यात तीस वर्षं लग्नाच्या गेटला हाच महाल उभा करतात. प्लायवूड, थर्माकोल आणि कॅलेंडरवरचं एक चित्र. चित्रात फक्त पुढची बाजू. काका दरवेळी म्हणायचा, मागेपण नक्षी करू. आबा खेकसायचे, "मांगे कोन देखस रे? मांगे नुसता बांबू शे!" यावरून महिना महिना बोलायचे नाहीत दोघं.

टूरला खरं तर काकाच जाणार होता आबांबरोबर. पण घशाचा कॅन्सर, आवाजच गेला त्याचा. त्याच्या जागी मी. डॉक्टर म्हणाले, किती दिवस काढेल सांगता येत नाही. आबा निघायलाच तयार नव्हते, तर काकाने पाटीवर लिहून दिलं: मांगे काय शे ते देखी ये.

तर तिथं सगळे पुढे सेल्फी काढताहेत आणि आबा सरळ वळसा घालून मागे. टेकू बघायला! एवढं मोठं उभं आहे म्हणजे मागून कशाने तरी धरलेलं असणारच, हेच डोक्यात. मी पळतोय मागून. आणि मागे, अरे, मागेपण महालच! तशाच खिडक्या, तशीच नक्षी, समोर फुलांचे वाफे, पार टेकडीपर्यंत बाग. आबांनी भिंतीवर हात फिरवून बघितला. मग म्हणाले, "ललित, फोन लाव."

मंजुळाकाकीने व्हिडिओ कॉल उचलला. काका उशीला टेकलेला, नाकात नळी. आबा फोन धरून भिंतीच्या कडेकडेने चालत सुटले. एकेक खिडकी. शेवटच्या कोपऱ्यावर म्हणाले, "पेम्या, तुनं खरं व्हतं. मी उगाच..."

काकी म्हणाली, "बस करा भाऊ, रडी राह्यनात ते."

"थांब, आजून बगीचा बाकी शे."

आणि चढायला लागले ना टेकडी! सत्तरीचा माणूस, धापा टाकतोय, फोन पुढे धरलेला. कारंजं दाखवलं, वरच्या कमानी दाखवल्या. उन्हाने स्क्रीनवर आबांना काही दिसत नव्हतं. मला दिसत होतं रे. काकाचे डोळे अर्ध्या वाटेतच मिटले होते.

वर पोचल्यावर त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "त्याले बठ्ठं दखायनं ना?"

मी म्हणालो, हो, सगळं दिसलं. फोन चालूच होता. तेवढ्यात तिकडून काकीचा हंबरडा आला.

आबा म्हणाले, "नळी सरकनी व्हई. डाक्टरले बलाव म्हन तिले."