गवताची वाट

इंदिरानगरच्या साईने पेठकडची ‘उंबऱ्याची धार’ ही डोंगररांग घरी बसून शोधली. उपग्रहाच्या नकाशात माथ्यावरून पश्चिमेला एक ठळक पायवाट दिसत होती. त्याने ट्रेकची जाहिरात केली: ‘अस्पर्शित डोंगरधार’. पायवाट असलेला डोंगर अस्पर्शित कसा, हे नाव नोंदवणाऱ्या सतरा जणांपैकी एकानेही विचारले नाही.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी, दुपारी तीन वाजता, माथ्यावर कुसाबाई गवत कापत होती. पश्चिमेकडे वळणारी त्यांची रांग पाहून ती विळा घेऊन उभी राहिली.

“कुठं निघालं रं?”

“खाली गावात, मावशी.”

“ह्या वाटंनं गाव नाय. ही गवताची वाट हाय.”

“मोबाईलमध्ये आहे ना रस्ता,” साई म्हणाला आणि मागे वळून आपल्या लोकांना सांगू लागला, “गावातल्यांना लांबचेच रस्ते माहीत असतात.”

सतरा जण हसले. त्याने तिला बिस्किटांचा पुडा दिला, तिचा फोटो काढला.

वाट खरोखर छान होती, रुंद, मळलेली. वीस मिनिटांनी ती संपली. पुढे दीडशे फुटांचा सरळ कडा आणि तळाशी सकाळी टाकलेले भारे. भारे इथून खाली लोटायचे आणि माणसांनी मोकळ्या हातांनी दुसऱ्या बाजूने वळसा घालून उतरायचे, ही इथली रीत.

पाणी संपले होते. अंधाराला अडीच तास उरले होते. सगळ्यांत मोठ्याने हसलेली तृप्ती आता रडू लागली. साईने सर्वांत आधी मोबाईलमधली वाटेची नोंद बंद केली. माघारी फिरल्याची रेघ त्याला तिथे नको होती.

कुसाबाई होती तिथेच होती.

“मावशी, उतरायची वाट दाखवता का?”

“दाखवते की. सहा भारे हायेत माझे. आधी ते कड्यावरून लोटून या. वाट पाहिलीच हाय तुम्ही.”

भारी बूट घातलेल्या माणसांनी निमूट भारे उचलले. साईच्या मानेत कुसळे शिरली.

“आता काढा फोटू,” कुसाबाई म्हणाली.

सूर्य टेकला तेव्हा सगळे तिच्यामागून खाली पोचले.

सोमवारी साईने लिहिले, ‘टीमने जिद्दीने नवी वाट शोधली.’ सोबत नोंद जोडली. तिच्यातली रेघ पश्चिमेला जाते आणि कड्यावर संपते. तिथे ॲपने आपणहून झेंडा लावला आहे: ‘पोहोचलात’.

‘साईदादा, बेस्ट लीडर!’ असे तृप्तीने खाली लिहिले आहे. आतापर्यंत तीनशे जणांनी ती वाट आपापल्या मोबाईलवर उतरवून घेतली.