कुजबूजने घेतलेली तालीम

नाटक कंपनीत तिला सगळे कुजबूज म्हणायचे. विंगेत बसून नटांना विसरलेलं वाक्य पुरवायचं, हे तिचं जन्माचं काम. आवाज असा बेताचा की नटाला ऐकू जावा आणि पहिल्या रांगेला पत्ता लागू नये. त्यातलाच एक नट तिच्या घरी राहायला आला, तो राहिलाच. लग्न मात्र राहून गेलं. आधी त्याची पहिली बायको घटस्फोट देईना. पुढे ती बिचारी वारली, तोवर या दोघांना वाटायला लागलं की या वयात कशाला हसं करून घ्यायचं. शहाणी माणसं अशीच फसतात.

आता नटाचं डोकं साथ सोडत होतं. शेजाऱ्याचं नाव काय, चहात साखर घातली की नाही, मुलगा कुठे असतो, सगळं ती हळूच पुरवायची आणि तो झोकात म्हणायचा. लोक म्हणत, काय तल्लख म्हातारा आहे! बरेच दिवस हे खपून गेलं. मग त्याच्या मुलाचा फोन आला.

"काकू, बाबांना आमच्या इथल्या वृद्धांच्या संस्थेत ठेवतो. चांगली जागा आहे. तुम्ही तरी एकट्या किती करणार?"

पोरगा वाईट नव्हता, तीच तर पंचाईत होती. वाईट माणसाशी निदान भांडता येतं. त्या संस्थेत भेटायला फक्त नातेवाइकांना सोडत, आणि कायद्याच्या लेखी कुजबूज नटाची कोणीच नव्हती. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

नटाला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एकच वाट आहे. समज शाबूत आहे तोवर त्यांनी लिहून द्यावं, की पुढे माझं डोकं चालेनासं झालं तर माझे निर्णय हिने घ्यावेत. पण ते त्यांना समजलंय, याची वकिलाची खात्री पटायला हवी. घाईने लग्न उरकायचं म्हटलं तरी हीच परीक्षा होती.

मग कुजबूजला जे येत होतं ते तिने केलं. तालीम घेतली. दाढी करताना, भांडी विसळताना, अंथरुणाला पाठ टेकताना एकच उतारा. "मी पूर्ण विचारांती सांगतो, की माझी समज गेल्यास माझ्या औषधपाण्याचे आणि राहण्याचे निर्णय माझ्या सोबतिणीने घ्यावेत. माझा तिच्यावर पूर्ण विश्वास आहे." नटाचा आवाज अजून खणखणीत होता. उतारा चोख बसला.

वकिलाच्या ऑफिसात तर त्याने उभं राहून म्हटला. झेरॉक्स काढणारी मुलगी हातातलं काम सोडून बघत राहिली.

"छान," तरुण वकील म्हणाला. "आता काका, साध्या शब्दांत सांगा. तुम्ही आजारी आहात, तुम्हाला काही कळत नाहीये. मग आम्ही कोणाला विचारायचं?"

नटाने मान कुजबूजकडे वळवली. तिचे ओठ हलले. देवाशपथ, तिने ठरवून केलं नव्हतं. समोर नट अडला की ते हलायचेच.

"हिला," नट म्हणाला.

"का बरं?"

ओठ पुन्हा हलले. "ती मला ओळखते."

वकिलाने पेन खाली ठेवलं. "मावशी, तुम्ही जरा बाहेर बसा."

बाहेरच्या बाकावरून काचेतून तिला सगळं दिसत होतं. वकील विचारत होता आणि नट दाराकडे बघत होता. वाक्य हरवलेले नट हसतात तसं तो हसत होता. तिचा जीव नुसता तळमळत होता.

वकील बाहेर आला. "तुमच्याशिवाय ते एक शब्द बोलले नाहीत. उद्या मुलगा म्हणेल, हिनेच वदवून घेतलं. मी त्याला काय उत्तर देऊ?"

"अहो, अडले की ते माझ्याकडे बघतात, हाच विश्वास ना?"

"असेल. पण तो त्यांच्या तोंडून यायला हवा."

ती हातापाया पडली. उपयोग झाला नाही.

जिन्याच्या वळणावर नट थांबला. "काय गं, तो पोरगा काय विचारत होता?"

"तुमचं डोकं चालेनासं झालं तर तुमचं कोणी बघायचं."

"एवढंच? मग मला उगाच घाम का फोडला? अगं, तूच की! मुलगा बघेल मी जेवलो का, झोपलो का. मला भीती कशाची वाटते, ते त्याला कुठे ठाऊक? तुला ठाऊक आहे. म्हणून तूच."

यातला एक शब्दही तिने दिलेला नव्हता. तिने त्याचं मनगट धरलं आणि त्याला जवळजवळ ओढतच वर नेलं. वकील कुलूप लावत होता.

"थांबा! आत्ता बोलले ते, आपले आपण बोलले! ऐका, हात जोडते!"

वकील भला माणूस होता. त्याने बॅग खाली ठेवली. "बोला काका."

आपले ओठ दिसू नयेत म्हणून कुजबूज भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. "अहो, आत्ता बोललात ना, तेच पुन्हा बोला. एकदाच."

पुन्हा बोला म्हटल्यावर नटाला एकच अर्थ ठाऊक. त्याने पाठ ताठ केली, घसा खाकरला आणि खणखणीत आवाजात सुरू केलं. "मी पूर्ण विचारांती सांगतो, की माझी समज गेल्यास..."

शेवटपर्यंत त्याचा एकही शब्द चुकला नाही.