कुंपणापलीकडचं दिसावं म्हणून

पुढे उभे राहणाऱ्यांनो, दोष तुमचाच आहे. जगातली निम्मी माणसं तुमच्या पाठी बघत म्हातारी होतात. मिरवणूक असो, सामना असो, तुम्ही आधी येता, कोपरं पसरता आणि मागे कोणी आहे का, हे वळून बघतही नाही. वर नेमके तुम्हीच उंच असता!

हो, मी चिडून बोलतेय. मी एक शिडी आहे, ॲल्युमिनियमची, तीन पायऱ्यांची, घडीची. बुटक्या माणसांची बाजू मी नाही घ्यायची, तर कोणी घ्यायची?

माझा जन्म बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यात झाला. तिथून मी ग्लॉस्टरच्या एका रंगाऱ्याकडे आले. माणूस चांगला होता. शीळ घालत काम करायचा आणि चहाचा मग माझ्या वरच्या पायरीवर ठेवायचा. अंगावरचे पांढरे ठिपके त्याचेच. पण त्या सगळ्या वर्षांत मी फक्त छतं पाहिली. छत म्हणजे काय, तर आकाश अडवणारी वस्तू! रंगाऱ्याचे गुडघे गेले, तेव्हा त्याच्या बायकोने मला रविवारच्या जुन्या बाजारात गवतावर मांडलं.

तिथे ग्लेनिस आली. शाळेच्या स्वयंपाकघरातून नुकतीच निवृत्त झालेली, ठेंगणी, ठसठशीत बाई. माझ्याकडे बघितलं आणि भर बाजारात चढून उभी राहिली.

"छत रंगवायचंय का?" तिचा नवरा डेरिक म्हणाला.

"नाही. विमानं बघायचीत."

"विमानं वरच असतात, ग्लेन. मान वर केली की झालं."

"उतरतात तेव्हा खाली असतात, शहाण्या. आणि मध्ये कुंपण असतं."

माझं आयुष्य खऱ्या अर्थाने तिथे सुरू झालं.

दर जुलैमध्ये मार्लकोटच्या विमानतळावर देशोदेशींच्या हवाई दलांचा मेळा भरतो. तिकीट काढून आत जाणाऱ्यांची गर्दी शनिवार-रविवारी. पण खरे वेडे त्याआधीच हजर होतात, विमानं एकेक करून उतरत असताना. विमानतळाच्या कुंपणाला लागून मेंढ्यांचं कुरण आहे. त्या दिवसांत शेतकरी मेंढ्या हाकलतो आणि माणसं आत घेतो. दोघांच्या वागण्यात फारसा फरक नाही, असं तो म्हणतो.

कुंपणाशी आम्हा शिड्यांची रांग लागते. तिथे एक रीत आहे. जिथे शिडी, तिथे तिच्या मालकाची जागा. मालक जेवायला जावो, डुलकी काढो, शिडीला कोणी हात लावत नाही. माणसांनी माणसांसाठी केलेल्या कायद्यांपेक्षा हा कायदा मला जास्त आवडतो.

दुसरी रीत याहून कडक. विमानाच्या शेपटीवरचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी वाचला, तरच ते विमान पाहिलं म्हणायचं. फोटो चालत नाही, दुसऱ्याने सांगितलेलं चालत नाही. तपासायला कोणीही नसतं, आणि तरी खोटं कोणी बोलत नाही. सांगा, तुमच्या कुठल्या संसदेत असं चालतं?

ही लढाऊ विमानं कशासाठी बनवली आहेत, ते मला कळतं. मी शिडी आहे, मूर्ख नाही. पण त्या दिवसांत त्यांच्या पंखांखालच्या, बॉम्ब टांगायच्या कड्या रिकाम्या असतात. ज्या देशांची एकमेकांशी धड बोलणी होत नाहीत, त्यांचे वैमानिक एकाच रांगेत उभे राहून व्हिनेगर घातलेले बटाट्याचे काप खातात. त्या कड्या कायम रिकाम्याच का राहत नाहीत? ग्लेनिस हे चारचौघांत मोठ्याने विचारते. आसपासचे लोक तेवढ्यात लेन्स पुसायला घेतात.

आमच्या शेजारी नेहमी टफनेल असायचा. आधीच ताडमाड, त्यात माझ्यापेक्षा मोठी शिडी, त्यावर तोफेएवढा कॅमेरा. मला तो मुळीच आवडायचा नाही.

"काय ग्लेनिस, कुंपण दिसतंय ना नीट?" तो वरून विचारायचा.

"दिसतंय तर. तुझे मोजेही दिसतायत. एक निळा आहे, एक काळा."

आता गेल्या वर्षीची गोष्ट. तुर्कस्तानचं एक जुनं मालवाहू विमान येणार होतं. पोट सुटलेलं, दोन पंख्यांचं, घरघर करणारं. त्या जातीची बाकी सगळी विमानं ग्लेनिसने वाचली होती. हे एकच राहिलं होतं, आणि उडणारं हेच शेवटचं. कसरती करणाऱ्या वैमानिकांचं सामान उतरवायचं, त्याच दुपारी परत जायचं आणि मग कायमचं संग्रहालयात उभं राहायचं, असा त्याचा बेत होता.

ग्लेनिस सकाळपासून माझ्यावर उभी होती. डेरिक खाली खुर्चीत शब्दकोडं सोडवत थर्मासमधला चहा पुरवत होता. आणि चहाचं जे व्हायचं, तेच झालं.

"अजून तासभर अवकाश आहे. मी जाऊन येते," असं म्हणून ती कुरणाच्या कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या शौचालयाकडे गेली.

पण वारा विमानाच्या पाठीशी होता. ते लवकर आलं. मी ती घरघर ऐकली आणि माझे सांधे गारठले. सगळे कॅमेरे वळले. कोपऱ्यातल्या दारावर आतून धडाधड थापा पडू लागल्या. घाईत कडी अडकली होती! ती स्वेटर सावरत धावत आली, तोवर विमानाची शेपटी हँगरमागे गेली होती.

कुंपणाशी बाकी सगळे आपापल्या वह्यांत आकडा लिहीत होते.

"आकडा मी सांगतो," टफनेल म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच मऊ होता. "फोटो पण आहे. स्पष्ट."

"तू जेवलास म्हणून माझं पोट भरतं का रे?" ग्लेनिस म्हणाली. मग माझ्या खालच्या पायरीवर बसली. मी तिचं वजन वर्षानुवर्षं उचललंय. इतकी जड ती कधी लागली नव्हती.

"परत जाताना दिसेल की," डेरिक म्हणाला. "उडायला इथूनच सुरुवात करतात ना? नाकासमोरून जाईल तुझ्या."

ती उठली, नाक शिंकरलं आणि पुन्हा चढली. हा बेत बरोबर होता. पण कानाला रेडिओ लावून वैमानिकांचं बोलणं ऐकत बसलेला एक जण ओरडला, "वारा फिरला! दुसऱ्या टोकाकडून उडणार!"

विमानाला वाऱ्याच्या तोंडावर उडावं लागतं. म्हणजे आता ते पलीकडच्या टोकाला जाऊन वळणार, आणि आमच्यापर्यंत येईतो ढगाजवळ पोचलेलं असणार. एकदम पळापळ सुटली. कुरणाचं एकुलतं एक फाटक आइस्क्रीमच्या गाडीने अडवलेलं. मोटारी अडकल्या. लोक शिड्या खांद्यावर घेऊन शेतं तुडवत निघाले.

"तू हो पुढे," ग्लेनिस धापा टाकत डेरिकला म्हणाली. "शिडी घे. जागा धर."

डेरिक! घरून निघताना 'आज तरी पाऊस पडू दे' म्हणणारा डेरिक! त्याने शब्दकोडं फेकलं, मला खांद्यावर टाकलं आणि पळाला. ओढा ओलांडताना एक बूट चिखलात राहिला, तरी थांबला नाही. मी तर त्याच्या खांद्यावर नुसती खडखडत होते. त्या माणसाला विमानांमधलं काडीचं कळत नाही. त्याला ग्लेनिस कळते.

पलीकडच्या टोकाला कुंपणालगत एक अरुंद गल्ली जाते. तिथे शिड्यांच्या रांगेत एक फट शिल्लक होती. त्याने मला तिथे रोवलं आणि मटकन बसला. मागून चांगली धिप्पाड माणसं आली, पण माझ्याकडे बघून बाजूला झाली. जिथे शिडी, तिथे मालकाची जागा. ग्लेनिस लालबुंद होऊन पोचली, तेव्हा ती फट तिची वाट पाहत होती.

ती चढली, आणि माझा एक पाय भुसभुशीत मातीत फस्सकन खाली गेला. कुंपणाची वरची तार नेमकी तिच्या डोळ्यांसमोर! विमान वळायला लागलं होतं.

"डेरिक! दिसत नाही रे!"

तेव्हा इथेही शेजारीच येऊन उभा राहिलेला टफनेल स्वतःच्या शिडीवरून उतरला. तोफेएवढा कॅमेरा त्याने गवतात ठेवला. "त्या बाजूने धर," तो डेरिकला म्हणाला, आणि दोघांनी मला उचललं. ग्लेनिससकट!

"पाडाल रे मला, गाढवांनो!"

"वाच बाई, वाच आधी!" टफनेल दातओठ खात म्हणाला.

माझ्या चारही पायांना तेव्हा जमीन नव्हती. विमानाला असंच वाटत असेल का? ते समोर वळलं, पोट सावरत, धूर सोडत, आणि शेपटी उन्हात आली.

"शून्य... दोन... नऊ!" ग्लेनिस किंचाळली. "एकोणतीस आहे तो! एकोणतीस!"

अख्ख्या गल्लीने टाळ्या वाजवल्या. टफनेलला मात्र उड्डाणाचा फोटो मिळाला नाही. तो तळहात चोळत हसत होता. त्याच्याबद्दल मी जे काही म्हटलं, त्यातलं निम्मं मागे घेते. उंचीबद्दलचं नाही.

आता माझा तो पाय थोडा वाकडा आहे. वर्षभर मी गवत कापायच्या यंत्रामागे उभी असते आणि जुलैची वाट बघते. मला रंग नको, की नव्या रबरी टाचाही नकोत. एकच मागणं आहे. वर चढलात, डोळे भरून पाहिलंत, की उतरा. मागच्याला चढू द्या. एवढं जरी जमलं, तरी जग पुष्कळ बरं होईल, असं मला अगदी मनापासून वाटतं.

त्या दिवशी टाळ्या थांबल्या, तेव्हा गल्ली मोकळी करायला पाठवलेली एक तरुण पोलीसबाई आमच्यापाशी आली. अंगाने लहानखुरी, टोपी कपाळावर घसरलेली. वर अजून डोळे पुसत उभ्या असलेल्या ग्लेनिसकडे तिने कडक नजरेने पाहिलं.

"झालं ना बाई तुमचं बघून? मग उतरा की. पुढचं इटलीचं आहे म्हणतात, आणि मला इथून काहीच दिसत नाहीये."