दोनशे बारा गाड्या

तक्त्यातला आकडा वाचून धाकटीनं आधी चष्मा पुसला, मग तो पुन्हा वाचला. नदीवरचा अरुंद पूल, दिवसभरातल्या गाड्या: दोनशे बारा. आता काय म्हणावं! दोनशे बारा गाड्या तर त्या पुलावर रोज सकाळी नुसत्या हॉर्न वाजवत उभ्या असतात.

त्यातल्याच एका बसमध्ये तिची ताई असते. नदीपलीकडे चार वर्षांत बारा टोलेजंग इमारती उठल्या आणि शहरात यायला जवळपास पूल एकच. तोही असा की दोन बस समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं. ताईनं तिकडे घर घेतलं ते धाकटीच्या शब्दावर. धाकटी वाहतूक नियोजन कार्यालयात इंजिनिअर. "बिनधास्त घे, दुसरा पूल येतोय, नकाशा मीच काढलाय," असं तिनं छातीठोकपणे सांगितलं होतं. नकाशा खरंच तिनं काढला होता. पूल मात्र कागदावरून खाली उतरायचं नाव घेत नव्हता आणि ताईचे रोजचे साडेतीन तास बसमध्ये जात होते.

आज पाच वाजता निधी समितीकडे कामांची यादी जायची होती. यादीत नाव असेल त्या कामाला पैसे, नसेल त्यानं पाच वर्षं वाट बघायची. नव्या पुलाला अट एकच, जुन्यावरून दिवसाला किमान आठ हजार गाड्या जायला हव्यात.

तिनं मोजणी विभागाला फोन लावला. तिथले काका उचलतील तेव्हा उचलतील, पण आज नशिबानं लगेच उचलला.

"काका, मंगळवारी पुलावर यंत्र बिघडलं होतं का?"

"यंत्राला काय धाड भरलीय? रबरी नळी रस्त्यावर आडवी टाकायची, चाक गेलं की आकडा पडतो."

"मग आकडा इतका कमी कसा?"

"नळी टाकायला माणसं रस्त्यावर उतरतात, मॅडम. माणसं रस्त्यावर असली की रस्ता बंद ठेवायचा, सुरक्षेचा नियम आहे. आमची तपासणी आटपेपर्यंत संध्याकाळ झाली. मंजुरी एकाच दिवसाची, म्हणून मग नळी काढून घेतली."

"म्हणजे गाड्या मोजायच्या दिवशी तुम्ही गाड्याच सोडल्या नाहीत?"

"सोडल्या की शेवटी अर्धा तास, दोनशे बारा झाल्या! त्यात आमचा टेम्पोच चाळीसदा गेला."

धाकटीनं कपाळाला हात लावला. आरडाओरडा करायला तोंड उघडलं आणि तक्त्याखालची सही दिसली. तिचीच होती. त्या दिवशी सत्तेचाळीस तक्ते एकदम आले होते आणि ती वर न बघता सह्या ठोकत सुटली होती. राग काढायचा तरी कुणावर?

पुलाच्या गाड्या गेल्या कुठे, म्हणून तिनं पान उलटलं. खाणीकडचा जुना रस्ता, तोच मंगळवार, एकोणीस हजार गाड्या. त्या रस्त्यावर एरवी चिटपाखरू नसतं. पूल बंद म्हणून सगळी वाहतूक धरणाच्या बाजूनं वळसा घालून तिकडून सोडली होती आणि तिथली नळी आदल्या दिवशीच टाकून झाली होती. आता यादीत पहिलं काम होतं खाणीकडच्या रस्त्याचं सहापदरी रुंदीकरण. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती तडक साहेबांच्या खोलीत शिरली. साहेब शांतपणे यादीवर शिक्के मारत होते.

"साहेब, मोजणी चुकलीय. पूल बंद होता!"

"कुणी बंद केला?"

"आपणच."

"कशासाठी?"

"मोजण्यासाठी."

"मग नियमानंच झालं की." साहेबांनी पुढचा शिक्का मारला. "फेरमोजणीला मंजुरी लागते. मंजुरीला तीन महिने. यादीला उरलाय दीड तास."

"निदान खाणीच्या रस्त्याचा आकडा तरी यादीतून काढा. त्या गाड्या पुलावरच्याच आहेत."

"तो काढला तर आपल्या भागाला काहीच मिळणार नाही. सहा पदर तर सहा पदर, काहीतरी येऊ दे ना!"

ती भांडली, हातापाया पडायचीच काय ती बाकी राहिली. पाचाला यादी गेली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते दुःखानं नाही, निव्वळ संतापानं.

सव्वासहाला ताईचा फोन आला. मागे हॉर्नचा कल्लोळ होता.

"काय गं, झालं का? थांब, स्पीकरवर टाकते."

"ताई, स्पीकर कशाला?"

"अगं, अख्खी बस थांबलीय ऐकायला. आमच्या इमारतीतल्या निम्म्या लोकांनी घरं घेतली ती मी सांगितलं म्हणून. माझी बहीण त्याच कार्यालयात आहे, तिनं स्वतः नकाशा काढलाय, असंच सांगायचे मी सगळ्यांना. बोल मोठ्यानं."

काम चालू आहे, बघू, असं काहीतरी धाकटीला पुटपुटता आलं असतं. कार्यालयात तेच तर शिकली होती ती.

"पूल नाही," ती म्हणाली. "पाच वर्षं तरी नाही. मोजायच्या दिवशी आम्हीच रस्ता बंद ठेवला. कागदावर तुमच्या गाड्या दोनशे बारा आहेत आणि त्याखाली सही माझी आहे."

पलीकडे हॉर्न वाजत होते. त्यातून ताईचा आवाज आला, थकलेला, लहानपणी अभ्यास घेताना असायचा तसा.

"मग उद्या तू स्वतः ये मोजायला. नळीबिळी काही नको. आम्ही कुठे जातोय, इथेच उभे असतो."