भैरूचा जीव

"खाली नको रे, खुर्चीत बस. खाली बसून फासे कसे टाकणार तू?" जयसिंग म्हणाला.

सोपानने साहेबरावांकडे पाहिलं. साहेबरावांनी तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली आणि नुसती मान डोलावली. पुतण्या अमेरिकेतून काही महिन्यांसाठी आलेला, त्याचं मन कशाला मोडा? सोपान खुर्चीच्या कडेला टेकला. पाठ मात्र त्याने टेकवली नाही.

सोपान पंप मेकॅनिक होता. सत्त्याऐंशी साली माण तालुक्याच्या शिवारात वीज कमी आणि डिझेल इंजिनं जास्त. ती विहिरीतल्या कट्ट्यावर बसवलेली असत आणि बिघडली की बौद्धवाड्यात सोपानला बोलावणं जाई. साहेबरावांच्या या बंगल्यात तो वर्षानुवर्षं येत होता, पण मागच्या दारापर्यंतच. आज तो दिवाणखान्यात बसला होता, कारण जयसिंगने आणलेल्या खेळाला चार माणसं लागत होती आणि घरात तीनच होती. तिसरा साहेबरावांचा मेव्हणा, कुशाबा. जेवण आणि झोप यांच्या मधल्या वेळात काय करावं हा त्याच्यापुढचा मोठाच प्रश्न होता, तो या खेळाने सुटला.

खेळ असा, की प्रत्येकाने कागदावर आपला एक माणूस घडवायचा. मग ती सगळी माणसं मिळून अंधाऱ्या गुहांतून खजिना शोधत जाणार, आणि वाटेतले राक्षस, विंचू, सापळे जयसिंग सांगणार. साहेबरावांनी मांत्रिक केला, हातातून आग काढणारा. कुशाबाने चोर केला, त्यात त्याला फार विचार करावा लागला नाही.

सोपानने विचारलं, "ह्यात मरनार न्हाई असा मानूस कसा करायचा?"

जयसिंग खूश झाला. "म्हणजे तुला जीव जास्त हवा. लढवय्या कर, त्याला जिवासाठी मोठा फासा मिळतो. मांत्रिकाचा फासा सगळ्यात लहान. आणि हवं तर एकाच माणसाला दोन विद्या घेता येतात."

सोपानने इंजिन जुळवावं तसा तो माणूस जुळवला. फाशांवर पडलेला सगळ्यात मोठा आकडा काटकपणाला दिला, सगळ्यात लहान अकलेला. आधी लढवय्या आणि वर वैद्यकी, म्हणजे जखम झाली की आपली आपण बांधता येईल. तलवारीऐवजी त्याने ढाल मागून घेतली.

"अकलेला तीन?" कुशाबा कागदात डोकावून म्हणाला. "घरचाच दिसतोय कुनीतरी."

"नाव काय ठेवतोस?"

"भैरू."

साहेबरावांनी वर पाहिलं. "तुजा बा का रं? आमच्याच हिरीत गेला त्यो. गाळ काडाया उतरला व्हता. चांगला गडी व्हता." आणि त्यांनी फासा उचलला.

त्या दिवशी घाई होती म्हणून विहिरीत आधी कंदील सोडला नव्हता, एवढंच आईने सोपानला सांगितलं होतं. तेव्हापासून विहिरीत उतरताना सोपानने एक नेम कधी मोडला नाही. पेटता कंदील दोरीने तळाशी सोडायचा. ज्योत टिकली तर खालची हवा चांगली, विझली तर उतरायचं नाही. पाण्यासाठी खोळंबलेले मालक काठावर चरफडायचे. तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

दर रविवारी दुपारी खेळ रंगू लागला. नवी गुहा आली की साहेबराव म्हणत, "घाला भैरूला फुडं." भैरूने बाण खाल्ले, विष प्यायलं, त्याच्या अंगावर दरड कोसळली. तो मेला नाही. मागून येऊन खजिना मांत्रिक आणि चोर वाटून घेत. सोपानला त्याचं काही वाटत नसे. भैरू जिवंत राहिला की त्याची छाती फुगे. हळूहळू तो खुर्चीत पाठ टेकून बसायला लागला.

"तितं काय मिळतंय तुमाला?" फुलाबाईने एकदा नवऱ्याला विचारलं.

"खुर्चीत बसतुया मी, त्यांच्या बरुबर."

"आन् मामंजींचं नाव लावलंय, त्यांना दर येळी फुडं घालत्यात, त्ये दिसत न्हाई व्हय?"

"त्यांना काय व्हत न्हाई," सोपान म्हणाला.

एका रविवारी खेळ ऐन भरात असताना विहिरीतलं इंजिन बंद पडलं. सगळेच उठून विहिरीवर आले. सोपानने कंदील पेटवला, दोरीला बांधायला घेतला.

"आरं, कंदील कशाला?" कुशाबा म्हणाला. "भैरूचा बाप हायेस तू. तुला काय हुतंय?"

साहेबराव खो खो हसले. जयसिंगही हसला, त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. आणि सोपानही हसला. इतके रविवार एका टेबलाशी बसलो, आता यांच्यासमोर भित्र्यासारखा कंदील सोडत काय उभा राहू, असं त्याला वाटलं. परक्यांसमोर त्याला कधी लाज वाटली नव्हती. ही माणसं त्याला आपली वाटत होती, तिथेच घात झाला. त्याने कंदील काठावर ठेवला आणि तो उतरला.

बेशुद्ध पडलेल्या सोपानला गड्यांनी गळ टाकून वर काढलं. पुण्याच्या दवाखान्यात तो वाचला, पण छाती कामातून गेली आणि हातांना कंप सुटला. पान्हा नटावर टिकेना. चार पावलं चालला की थांबावं लागे.

दिवाळी झाल्यावर तो कंदील मागायला म्हणून बंगल्यावर गेला. रविवारच होता. त्याच्या खुर्चीवर कुशाबाने पाय पसरले होते. सोपानला पाहून त्याने ते काढले नाहीत आणि बस असं कोणी म्हणालं नाही. सोपान उंबऱ्याबाहेर पायरीवर बसला.

"भैरू हाय का?" त्याने धाप लागल्या आवाजात विचारलं.

"हाय की," जयसिंग त्याच्याच बोलीत प्रेमाने म्हणाला. "तू नव्हतास, म्हणून आम्हीच चालवला. अजून धडधाकट आहे."

"त्याला आता घरी बसवा."

"घरी?" साहेबराव म्हणाले. "मग फुडं कोन जायाचं?"

सोपानने थांबून दम घेतला. "मग मारून टाका, जयसिंगराव. मोकळा करा त्याला."

जयसिंगने पेन्सिल खाली ठेवली. त्याला खरंच वाईट वाटलं असावं. "असं मारता येत नाही रे, नियमात बसत नाही. आणि तो मरायचाही नाही. तूच तसा केलायस."

"लई ब्येस केलाय," साहेबराव म्हणाले आणि कोपऱ्यातल्या कंदिलाकडे त्यांनी बोट दाखवलं.

सोपान आत जाऊन कंदील घेऊन आला. हाताच्या कंपाने त्याची काच सारखी वाजत होती. फाटकापाशी त्याला थांबावं लागलं. आत टेबलावर फासे खडखडले आणि कुशाबाचा आवाज आला, "घाला भैरूला फुडं."

दम परत आल्यावर तो चालू लागला.